गुरुवारची सही

अठ्ठ्याण्णव साल होतं. मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी वकीलसाहेबांनी जिमच्या काउंटरवर रजिस्टर उघडलं, एका चौकोनावर बोट ठेवलं आणि चष्म्याच्या वरून बघत विचारलं, “ही सही तुमचीच ना, बाई?”

सहीबाईंनी मान पुढे केली. स्वतःची सही ओळखायला कुणाला वेळ लागत नाही, तरी त्यांनी लावला. बोट कोणत्या वारावर आहे ते त्यांना आधी बघायचं होतं. गुरुवार. सकाळचे सात. यंत्र क्रमांक सहा.

“माझीच.”

“मग झालं तर,” असं म्हणून वकीलसाहेब मालकांकडे बघून हसले. मालकही हसले. सहा वर्षांत सहीबाईंच्या कामावर मालक असे कधी हसले नव्हते.

त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. नवरा गेला, त्या जिथे कारकून होत्या ती शाळा बंद पडली, आणि वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी त्या या जिमच्या काउंटरमागे येऊन बसल्या. तेव्हा जिमला अजून बरेच लोक व्यायामशाळाच म्हणत, आणि बाईमाणसाला तिथे जायचं तर घरातल्या चार जणांना चार कारणं द्यावी लागत. नवीन माणूस आला की त्याच्याकडून एक फॉर्म भरून घ्यायचा, हे सहीबाईंचं पहिलं काम. एकच पान, मुंगीएवढी अक्षरं, आणि खाली ठळक ओळ : मी स्वतःच्या जबाबदारीवर व्यायाम करत असून इजा झाल्यास जिम जबाबदार राहणार नाही. लोक टाळाटाळ करून जिना चढू लागले की त्या मागून हाक मारत, “अहो, सही राहिली!” त्यावरूनच पोरांनी नाव पाडलं. त्यांनीही ते चालवून घेतलं. घरात बाळ्या म्हणून ओळखला जाणारा त्यांचा नव्वद किलोंचा मुलगा त्याच जिममध्ये ट्रेनर होता, तोसुद्धा तिथे त्यांना कधीकधी सहीबाईच म्हणे.

दुसरं काम रजिस्टरचं. एकूण चौदा यंत्रं, त्यांतल्या पाचांना पोलादी तारांचे दोर. मिस्त्री महिन्यातून एकदा येई. बाकीचे दिवस काय बघायचं ते त्याने सहीबाईंना शिकवून ठेवलं होतं. कापसाचा बोळा घ्यायचा आणि दोरावरून वरपासून खालपर्यंत फिरवायचा. “डोळ्याला काय दिसतंय, बाई? तारेचा एक केस तुटला असला तरी कापूस तिथे अडकतो,” असं तो सांगून गेला होता. सहीबाईंनी घरातली एक जुनी उशी उसवली आणि तिच्यातला पिवळट कापूस काउंटरच्या ड्रॉवरमध्ये आणून ठेवला. रोज सकाळी सातला बोळा फिरवायचा, मग सही करायची.

हे पहिल्या वर्षी. दुसऱ्या वर्षी त्या तापाने दोन दिवस घरी राहिल्या आणि नेमका तेव्हाच विम्याचा माणूस येऊन रजिस्टर बघून गेला. मालकांनी त्यांना सगळ्यांदेखत सुनावलं. “मोकळा चौकोन दिसता कामा नये, बाई. काय वाट्टेल ते करा.” तेव्हापासून त्या सोमवारीच चहा पिता पिता आठवड्याच्या सगळ्या सह्या उरकून टाकत. शर्टाला बटणं लावावीत तशा ओळीने सात. कापूस मात्र रोजचा रोज फिरवत. आपण काही खोटं करतोय असं त्यांना कधी वाटलं नाही. काम तर होतच होतं.

त्या गुरुवारी त्या जिममध्ये नव्हत्या. सुनेला पाचवा महिना होता आणि इस्पितळातला नंबर सकाळी साडेसातचा होता. मालकांनीच रजा दिली होती. जिम बाळ्याने उघडली. घरातून निघताना चपला घालता घालता त्या म्हणाल्या, “बाळ्या, कापूस फिरव हं.” तो म्हणाला, “हो गं.”

सव्वानऊला सहाव्या यंत्रावर टेलरताई बसल्या होत्या. चौकातल्या शिलाईच्या दुकानाच्या त्या मालकीण. दिवसभर वाकून खांदे आखडतात म्हणून डॉक्टरांनी पाठवलेल्या. डोक्यावरची दांडी त्यांनी दोन्ही हातांनी खाली ओढली, आणि वरच्या कप्पीपाशी दोर तुटला. लोखंडी दांडी गळ्याच्या हाडावर आली, ताई बाकावरून मागे पडल्या, उजव्या खांद्यावर आपटल्या. सहीबाई दहा वाजता पोचल्या तेव्हा फरशी पुसून झाली होती, आणि कुणी त्यांच्या नजरेला नजर देत नव्हतं.

आता पाच दिवसांनी टेलरताईंच्या वकिलाची नोटीस आली होती, म्हणून हे वकीलसाहेब.

“फॉर्मवर बाईची सही आहे, छान आहे,” ते मालकांना समजावत होते. “पण त्या कागदाच्या जिवावर झोपू नका. तिने झेपेना एवढं वजन लावलं, पाय घसरला, तर तो कागद आपल्या बाजूने बोलेल. यंत्र मोडकं होतं आणि तुम्हाला ते माहीत होतं, असं निघालं तर त्याची पुडी बांधायची. म्हणून हे रजिस्टर महत्त्वाचं. सातला तपासलेलं यंत्र सव्वानऊला मोडतं, म्हणजे ओढणारीनेच काहीतरी भलतं केलं.”

“पण गुरुवारी मी…” सहीबाई म्हणाल्या.

“बाई, जरा चहा सांगता का?” मालक म्हणाले.

चहा सांगून त्या परत काउंटरवर आल्या आणि त्यांनी ड्रॉवर उघडला. त्यांना एक पुडी हवी होती. बुधवारी सकाळी सहाव्या यंत्राच्या दोरावर कापूस अडकला होता. त्यांनी हलकेच सोडवला तेव्हा बोळ्यात केसाएवढी एक तार तुटून आली. त्यांनी लगेच मालकांना सांगितलं. मालक फोनवर होते. “मिस्त्रीला रविवारी यायला सांगतो. तोवर चालवून घ्या,” म्हणाले. मिस्त्रीला दाखवायला म्हणून त्यांनी तो बोळा एका कोऱ्या फॉर्मच्या तुकड्यात गुंडाळला आणि वर लिहिलं : बुधवार, यंत्र ६.

पुडी नव्हती. कापूस होता, स्टेपलर होता, पुडी नव्हती.

त्या दिवसापासून सहीबाई माणसं वाचू लागल्या. झाडूवाली साबणाची वडी पळवते, कापूस कशाला पळवील? मालकांकडे ड्रॉवरची दुसरी किल्ली होती. वकीलसाहेबांची बॅग येताना रिकामी वाटली होती, जाताना भरलेली. मग चार दिवसांनी मालकांनी बाळ्याला मुख्य ट्रेनर केलं. दोन वर्षं जे मागून मिळत नव्हतं ते न मागता मिळालं. सहीबाईंनी अभिनंदन केलं आणि मनात म्हटलं, का?

बाळ्याही बदलला होता. घरात येऊन हातपाय धुतले की पाठ करून बसे. आधी व्यायामाची बॅग दारात फेकायचा आणि त्या ओरडायच्या. आता ती खाटेखाली, भिंतीच्या बाजूला ठेवू लागला. त्यांनी आडून आडून बोलून पाहिलं.

“त्या दिवशी सकाळी गर्दी होती का रे?”

“नेहमीसारखी.”

“सगळं आवरून मग उघडलंस ना?”

“आई, जेवू दे.”

कापूस फिरवलास का, एवढं सरळ विचारणं त्यांना जमलं नाही. ‘नाही’ आलं तर काय करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ‘हो’ आलं असतं तर त्यावर विश्वास बसला नसता. दोराला ओढ किती बसली, वजन किती लावलं होतं, तेही त्यालाच माहीत. सुनेच्या ते ध्यानात आलंच. “आई, तुम्ही हल्ली त्यांच्याकडे असं बघता, जसं दुकानदार नोटेकडे बघतो,” ती एकदा म्हणाली. सहीबाई म्हणाल्या, “तू दूध पी.”

वकीलसाहेबांनी त्यांना जिन्यात गाठलं. फार गोड बोलले. “साधं आहे, बाई. सही माझी, यंत्र तपासलं होतं, बस. गुरुवारी नव्हते म्हणालात तर सही खोटी ठरते, आणि मग सगळं तुमच्यावर येतं. शिवाय त्या वेळी तिथे ट्रेनर कोण उभा होता, हेही कोर्ट विचारणारच की.” आणि त्यांनी सहीबाईंना पुढे जायला वाट करून दिली, जणू फार मोठा मान देत होते.

पावसाळा संपता संपता सहीबाई टेलरताईंच्या दुकानी गेल्या. कशासाठी, ते त्यांचं त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. खरं तर ताईंचं दुखणं वाटतं तितकं नसेल, अशी एक अंधुक आशा होती. भरपाईसाठी माणसं नाटकं करतात, असं मालक रोज म्हणत. दुकानात शाळेच्या गणवेशांचा ढीग पडला होता. ताई डाव्या हातात कात्री धरून कापड कापत होत्या. उजवा हात मांडीवर ठेवलेला, एखादं सामान ठेवावं तसा. कात्री उजव्या हाताची होती, त्यामुळे कापड कापलं न जाता दुमडत होतं. कुणी बघतंय हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणजे नाटक नव्हतं.

“मालकांनी पाठवलं?” वर बघून ताईंनी विचारलं.

“नाही.”

“मग वकिलाने?”

“कुणीच नाही. सहज आले.”

“सहज कुणी येत नाही हो.” ताईंनी कात्री खाली ठेवली. “फॉर्म पुढे केलात तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं, यात काय लिहिलंय? चष्मा नव्हता माझा. आठवतंय? तुम्ही म्हणालात, ‘काही नाही हो, सगळेच करतात.’”

सहीबाईंना आठवत नव्हतं. पण वाक्य त्यांचंच होतं. दिवसातून चारदा त्या ते म्हणत.

“न वाचता सही केली, ही माझी चूक,” ताई म्हणाल्या. “तुमचं काय? तुम्ही तरी बघून केली होती का?”

सहीबाईंनी त्या दुमडलेल्या कापडाकडे पाहिलं आणि पाणीही न पिता निघाल्या.

सहीबाईंच्या साक्षीची तारीख ऑक्टोबरात लागली. नात दोन महिन्यांची झाली होती. तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी बाळ्या आंघोळीला गेला, सून बाळाला पाजत होती, आणि सहीबाई खाटेपाशी खाली बसल्या. त्यांनी बॅग बाहेर ओढली. चेन हळू उघडली. टॉवेल, मोजे, पाण्याची बाटली. आतल्या कप्प्यात फॉर्मच्या कागदाची पुडी होती. बुधवार, यंत्र ६. अक्षर त्यांचंच. पिवळट कापसात केसाएवढी तार अजून तशीच होती.

म्हणजे त्यानेच नेली. म्हणजे त्याला माहीत होतं. त्यांच्या मनात एवढंच आलं, आणि मागून बाळ्याचा आवाज आला, “मिळालं?”

केसांतून पाणी गळत होतं. त्याचा आवाज चढलेला नव्हता.

“हे तुझ्याकडे कसं?”

“त्या गुरुवारी तू यायच्या आधी मालक तुझा ड्रॉवर उचकत होते. काय शोधतायत ते मला कळेना. त्यांना फोन आला म्हणून आत गेले, तेव्हा मी बघितलं. बुधवार लिहिलंस तू. त्यांच्या हाती लागलं असतं तर म्हणाले असते, बाईंना आदल्या दिवशीच माहीत होतं आणि त्यांनी यंत्रावर साधी पाटीसुद्धा लावली नाही. सगळं तुझ्या गळ्यात.”

“मी मालकांना सांगितलं होतं.”

“ते कबूल करतील?” तो खाटेवर बसला. “मला तरी कुठे सांगितलंस? कापूस फिरव म्हणालीस. अडकला होता, हे नाही म्हणालीस.”

सहीबाईंनी आठवून पाहिलं. सात महिने त्यांनी सगळ्यांना आठवून पाहिलं होतं, मालकांना, वकिलाला, झाडूवालीला. स्वतःला आज पहिल्यांदा. चपला, रिक्षा, सुनेचे कागद. नव्हतं सांगितलं.

“टाकून का नाही दिलीस?”

“दोनदा कचऱ्यापाशी गेलो. त्या ताईंचा हात आठवायचा.” मग तो म्हणाला, “मी कापूस फिरवला नाही, आई. उघडल्या उघडल्या चार जण आत आले आणि मी विसरलो. तुला सांगणार होतो. तू विचारलं असतंस तर त्याच दिवशी सांगितलं असतं. तू विचारलं नाहीस. बॅग उघडलीस.”

सुनेच्या मांडीवर बाळ कुरकुरलं. सहीबाईंनी पुडी पूर्वीच्या घड्यांवर पुन्हा नीट दुमडली.

दुसऱ्या दिवशी कोर्टात वकीलसाहेबांनी रजिस्टर पुढे केलं आणि तोच प्रश्न विचारला. ही सही तुमचीच?

“माझीच,” सहीबाई म्हणाल्या. “पण ती मी सोमवारी केली आहे. तिथल्या सगळ्या सह्या सोमवारच्या आहेत. गुरुवारी मी इस्पितळात होते, मालकांनीच रजा दिली होती.”

वकीलसाहेबांनी पान उलटलं, उगाचच. समोरच्या बाकावर डावा हात उजव्यावर ठेवून टेलरताई बसल्या होत्या. त्या पुढे सरकल्या. सहीबाईंनी पुडी काढून टेबलावर ठेवली आणि बुधवारचं सगळं सांगितलं. मालक काय म्हणाले तेही, आणि आपण पाटी लावली नाही तेही. अक्षर त्यांचं होतं, तार दोराच्या तारेशी जुळत होती, आणि रविवारी या म्हणून मिस्त्रीला बुधवारी मालकांनीच निरोप पाठवला होता, हे पुढच्या तारखेला मिस्त्रीने येऊन सांगितलं.

“गुरुवारी तुमच्याऐवजी तपासणी कुणी करायची होती?” न्यायाधीशांनी विचारलं.

खोटं बोलायचं नाही असं ठरवून सहीबाई आल्या होत्या. पण हे वाक्य आपल्या तोंडून कसं काढायचं, ते काही ठरलं नव्हतं.

मागच्या बाकावरून बाळ्या उठून उभा राहिला. “मी. मी मुलगा त्यांचा. मी केली नाही.”

त्याला खाली बसायला सांगण्यात आलं, रीतसर बोलावल्यावर बोला म्हणून. पण सगळ्यांनी ऐकलं होतं.

निकाल टेलरताईंच्या बाजूने लागला. व्यायाम करताना होणारी नेहमीची दुखापत माणूस आपल्या जबाबदारीवर घेऊ शकतो, पण मालकाने जाणूनबुजून मोडकं ठेवलेलं यंत्र कुणी आपल्या जबाबदारीवर घेत नसतो, मग सही कितीही असो. आणि नोकराच्या हातून कामावर चूक झाली तरी भरपाई मालकालाच द्यावी लागते. असं न्यायाधीशांनी लिहिलं. सहीबाईंबद्दल त्यात दोन वाक्यं होती. एकात त्यांना निष्काळजी म्हटलं होतं आणि दुसऱ्यात विश्वासार्ह. त्यांनी तो कागद पूर्ण वाचला, मुंगीएवढ्या अक्षरांसकट, आणि मगच नक्कल मिळाल्याची सही केली.

पुढे मालकांनी जिम विकली आणि फर्निचरचं दुकान काढलं. रस्त्यात भेटले तर सहीबाईंना नमस्कार करत, पण थांबत नसत. वकीलसाहेबांनी त्यानंतरही बरेच खटले जिंकले. टेलरताईंचा हात खांद्याच्या वर कधीच गेला नाही. त्यांनी डाव्या हाताची कात्री मागवली, दोन मुली कामाला ठेवल्या आणि दुकान चालवलं. नात शाळेत जायला लागली तेव्हा तिचा पहिला गणवेश त्यांनी स्वतः कापला. एक बाही किंचित लांब झाली होती. सहीबाईंनी ती दुमडून घेतली, उसवायला दिली नाही. त्यांनी स्वतः पुन्हा नोकरी केली नाही. घरीच मुलांच्या शिकवण्या घेत.

बाळ्याला वर्षभर कुणी कामावर घेईना. मग गावाच्या दुसऱ्या टोकाला एका लहान जिममध्ये लागला, आणि दहा वर्षांनी ती त्यानेच चालवायला घेतली. सहीबाई तिथे एकदाच गेल्या, एका बुधवारी. काउंटरवर रजिस्टर उघडं होतं. सोमवार, मंगळवार, बुधवार भरलेले. गुरुवारपासून पुढे मोकळे चौकोन. पेनाच्या शेजारी वाटीत पिवळट कापूस. त्या बराच वेळ त्या मोकळ्या चौकोनांकडे बघत बसल्या.

त्या दुपारबद्दल दोघांत पुन्हा कधी विषय निघाला नाही. त्याने आईला कधी उलटून शब्द दिला नाही, दुखण्याखुपण्यात काही कमी केलं नाही. फक्त एक बदल झाला तो कायमचा. संध्याकाळी घरी आला की तो बॅग खाटेखाली ठेवत नसे, दारातही फेकत नसे. सहीबाईंच्या समोरच्या खुर्चीवर आणून ठेवी, चेन या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडी करून. मग हातपाय धुवायला जाई.

आणि सहीबाई रोज उठत, तोंड दुसरीकडे वळवत, आणि आत न बघता चेन लावून टाकत.